हार्ड डिस्क काढली आणि लिनक्स सुरूच होईना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (एक सुरक्षा-चिप) आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरोघरचे आठ-दहा वर्षांचे, चांगले चालणारे पीसी एकाएकी निकालात निघाले. त्यांच्या मालकांपैकी काहींनी शहाणपणाचा मार्ग धरला: एक छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, तिच्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे तिचं उबुंटू किंवा मिंट हे रूप, टाकलं आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-गाण्यांसाठी आतच राहू दिली.

पुढे कधीतरी ती जुनी डिस्क आवाज करायला लागते, किंवा दुसऱ्या मशिनला हवी असते, म्हणून काढली जाते. लिनक्स तर एसएसडीवर आहे, मग अडचण कसली? पण पीसी चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीतल्या एक-दोन ओळी येतात आणि पुढे काहीच होत नाही.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, सगळं नव्याने टाका. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा आहे आणि महागात पडणाराही आहे, कारण एसएसडीवरची तुमची एकही फाइल बिघडलेली नसते. बिघडलेली असते ती फक्त तिथपर्यंत पोचण्याची वाट. ती कुठे अडली, हे स्क्रीनवरच्या त्या ओळीच सांगत असतात. त्या पुसून टाकण्याआधी वाचा. मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर आणखी उत्तम.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत काय घडतं

पीसी चालू होतो तेव्हा त्याला लिनक्स म्हणजे काय, हेही माहीत नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या मशिनमध्ये बायोस, नव्यांत यूईएफआय. त्याचं काम डिस्कवरचा बूटलोडर शोधून त्याच्या हाती सूत्रं देणं. बूटलोडर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम. लिनक्समध्ये तो बहुधा ग्रब असतो. ग्रब कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उठवतो. कर्नल मूळ विभाग (डिस्कचा, लिनक्सच्या फाइली असलेला भाग) शोधतो, बाकीच्या डिस्क जोडतो आणि मग लॉगिनचा पडदा येतो.

खेड्यात पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याचा विचार करा. त्याला एवढंच सांगितलेलं असतं की एसटीतून उतरलास की स्टँडसमोरच्या टपरीवर विचार. टपरीवाला म्हणतो, देवळामागच्या किराणा दुकानात जा. दुकानदार सांगतो, तिसरी गल्ली, निळं दार. आता टपरी उठली तर पाहुणा स्टँडवरच उभा राहील. टपरी आहे पण दुकान हललं, तर तो देवळापर्यंत जाऊन अडकेल. दोन्ही वेळा घर जागेवरच असतं, आतली माणसंही असतात.

डिस्क काढली तेव्हा टपरी गेली की दुकान, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

लिनक्स एसएसडीवर, तर बूटलोडर जुन्या डिस्कवर कसा?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्यामागचा वैताग रास्त आहे. उत्तर मशिन कोणत्या पद्धतीने बूट होतं, यावर अवलंबून आहे.

जुनी पद्धत १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, ५१२ बाइटचा, म्हणजे एमबीआर. त्यातले ४४६ बाइट बूट करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. ४४६ बाइटांत ग्रब मावणं शक्यच नाही. म्हणून त्याचे तीन तुकडे असतात: एक एमबीआरमध्ये, दुसरा त्यालगतच्या मोकळ्या जागेत आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, लिनक्सच्या बूट फोल्डरमध्ये. इन्स्टॉल करताना 'बूटलोडर कुठे टाकू?' असा प्रश्न येतो आणि तिथे आधीच पहिली डिस्क निवडलेली असते. पहिली म्हणजे बहुतेक वेळा ती जुनीच. आपण 'पुढे' दाबतो. पहिले दोन तुकडे जुन्या डिस्कवर जातात, तिसरा एसएसडीवर.

यूईएफआयमध्ये बूटलोडर ही साधी फाइल असते. ती ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या, फॅट पद्धतीच्या छोट्या विभागात राहते. विंडोजने तो जुन्या डिस्कवर आधीच बनवलेला असतो. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची एक सवय कुप्रसिद्ध होती: बूटलोडरसाठी तुम्ही दुसरी डिस्क निवडली, तरी तो पहिला सापडलेला ईएफआय विभागच वापरायचा. म्हणजे नीट वाचून, विचार करून निवड करणाऱ्यांचाही बूटलोडर जुन्या डिस्कवरच गेला. तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका.

शिवाय यूईएफआय मदरबोर्डच्या मेमरीत नोंद ठेवतं की अमुक डिस्कवरच्या अमुक विभागातली अमुक फाइल चालवायची. डिस्क काढली की ती नोंद कशाकडेच बोट दाखवत नाही.

स्क्रीनवरच्या ओळी कशा वाचायच्या

'नो बूटेबल डिव्हाइस', 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' किंवा 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असं दिसलं, तर फर्मवेअरला बूटलोडर सापडलेलाच नाही. ग्रबची पाळीच आली नाही. आधी अगदी साधी शक्यता तपासा. डिस्क काढल्यावर काही मशिनमध्ये बूट क्रम बदलतो आणि फर्मवेअर दुसरंच काही धुंडाळत बसतं. चालू करताना एफ१२, एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे की बदलते) एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणा. तेवढ्याने भागलं नाही, तर बूटलोडर काढलेल्या डिस्कवर होता.

'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी ओळ) आला, तर ती खरं म्हणजे चांगली बातमी. ग्रबचे पहिले दोन तुकडे सापडले, तिसरा सापडला नाही. वर बहुधा 'नो सच डिव्हाइस' आणि पुढे अक्षर-आकड्यांची लांब माळ असते. ती माळ म्हणजे यूयूआयडी, प्रत्येक विभागाला तयार होताना मिळणारी स्वतःची ओळख. ग्रब सांगतोय की या ओळखीचा विभाग मला हवा होता आणि तो इथे नाही. कधी 'नो सच पार्टिशन' येतं, त्याचा अर्थ जवळजवळ तोच.

नुसता 'ग्रब' आणि कर्सर, वर आवृत्तीचा क्रमांक, असं दिसलं तर आणखी बरं. इथे ग्रब पूर्ण शुद्धीत आहे, फक्त त्याला मेनूची फाइल मिळालेली नाही. यूईएफआय मशिनवर हे जास्त दिसतं.

'सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' ही ओळ वेगळी गोष्ट सांगते. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली 'बूटहोल' नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि तातडीने अपडेट आले. त्यानंतर बायोस पद्धतीच्या बऱ्याच डेबियन (उबुंटू ज्याच्यावर आधारलेलं आहे ते लिनक्स) आणि उबुंटू मशिन याच ओळीवर अडकल्या. कारण असं: ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा, हे डेबियन घराण्यातली लिनक्स एकदा विचारून लिहून ठेवतात. नंतर डिस्क बदलली, काढली, तरी ते टिपण जुनंच राहतं. अपडेट आल्यावर बूट फोल्डरमधला तुकडा नवा होतो, पण ज्या डिस्कवरून मशिन खरोखर उठतं तिच्यावरचा तुकडा जुनाच राहतो. नवा आणि जुना एकमेकांशी जुळत नाहीत. याचा बारकावा लक्षात घ्या: डिस्क आज काढली आणि मशिन नीट चालू झालं, तरी बिघाड काही महिन्यांनी, एखाद्या अपडेटनंतर येऊ शकतो, आणि तेव्हा डिस्क काढल्याची आठवणही कोणाला नसते. उपाय एकच, डिस्क बदलल्यावर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' ही कमांड चालवून योग्य डिस्कवर खूण करायची.

मेनू आला, लिनक्स निवडलं, आणि मग 'यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट, ड्रॉपिंग टू अ शेल' असं म्हणून 'इनिटरॅमएफएस' प्रॉम्प्ट आला, तर बूटलोडरने त्याचं काम केलेलं आहे. कर्नलला मूळ विभाग सापडला नाही. 'बीएलकेआयडी' टाइप करा, सध्या दिसणारे विभाग आणि त्यांच्या ओळखी समोर येतील. मूळ विभागच काढलेल्या डिस्कवर होता का, हे इथे कळतं. कधी मेनूच्या फाइलीत यूयूआयडीऐवजी 'एसडीबी२' सारखं नाव लिहिलेलं असतं. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळतात. एक काढली की कालची एसडीबी आज एसडीए होते आणि लिहिलेलं नाव खोटं ठरतं.

शेवटचा प्रकार सगळ्यांत जास्त घाबरवतो आणि सगळ्यांत सोपा असतो. 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत मशिन दीड मिनिट थांबतं आणि मग 'इमर्जन्सी मोड'मध्ये जातं. ईटीसी फोल्डरमधल्या 'एफस्टॅब' फाइलीत कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असते. काढलेल्या डिस्कची ओळ तिथे राहिली, तर लिनक्स ९० सेकंद तिची वाट बघतं आणि हात टेकतं. त्या ओळीच्या सुरुवातीला '#' टाका, सेव्ह करा, रीबूट करा. पुढे काढघाल होणाऱ्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घातला की ती नसली तरी सिस्टिम अडत नाही. काढलेल्या डिस्कवर स्वॅप विभाग (मेमरी अपुरी पडली की वापरायची जागा) असेल, तर त्याचीही ओळ तिथेच सापडेल.

पेनड्राइव्ह हाताशी नसताना

ग्रब रेस्क्यूवर फार थोड्या कमांड चालतात, पण पुरतात. 'एलएस' टाइप करून एंटर दाबा. कंसांत 'एचडी०, जीपीटी२' अशा जोड्या दिसतील. पहिला आकडा डिस्कचा, तो शून्यापासून सुरू होतो. दुसरा विभागाचा, तो एकपासून. आता एकेका जोडीपुढे तिरकी रेघ देऊन पुन्हा 'एलएस' करा. 'अननोन फाइलसिस्टिम' आलं तर पुढची जोडी घ्या. जिथे बूट, ईटीसी, होम ही फोल्डरं दिसतील, तोच तुमचा लिनक्सचा विभाग.

मग 'सेट' वापरून 'रूट'ला ती जोडी द्या, 'प्रीफिक्स'ला तीच जोडी आणि लगेच पुढे बूट, ग्रब हा मार्ग द्या. नंतर 'इन्समॉड नॉर्मल', आणि शेवटी नुसतं 'नॉर्मल'. ओळखीचा मेनू समोर येतो. पूर्ण ग्रब प्रॉम्प्ट असेल, तर 'कॉन्फिगफाइल' लिहून पुढे जोडीसह 'ग्रब डॉट सीएफजी'चा मार्ग दिला तरी काम होतं.

हे तेवढ्यापुरतं आहे. पुढच्या वेळी तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिसेल. पण आता तुम्ही तुमच्या स्वतःच्या लिनक्सच्या आत आहात आणि कायमची दुरुस्ती तिथूनच करता येते: बायोस मशिन असेल तर 'सुडो ग्रब-इन्स्टॉल' आणि पुढे एसएसडीचं नाव, मग 'सुडो अपडेट-ग्रब'. नाव पूर्ण डिस्कचं द्यायचं, विभागाचं नाही. 'एसडीए' बरोबर, 'एसडीए१' चूक.

पेनड्राइव्हवरून कायमची दुरुस्ती

फर्मवेअरला काहीच सापडत नसेल, तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह, लागतो. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' शब्दासह आणि एकदा त्याशिवाय. तुमचं लिनक्स ज्या पद्धतीने बसवलं होतं, त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू करा. ही पायरी चुकली की पुढचं सगळं बरोबर करूनही हाती काही लागत नाही, आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचं मूळ इथेच असतं. सिस फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये 'ईएफआय' फोल्डर दिसलं, तर तुम्ही यूईएफआय पद्धतीत आहात.

'एलएसबीएलके' ने विभाग बघा. लिनक्सचा विभाग एमएनटी फोल्डरवर माउंट करा, म्हणजे जोडा. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डरं तिथे जोडा, आणि 'सीएचरूट' ने आत जा. सीएचरूट म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या मशिनला 'यापुढे एसएसडीवरचं लिनक्सच तुझं घर' असं सांगणं. इथून चालवलेली ग्रब-इन्स्टॉल तुमच्या खऱ्या सिस्टिमवर काम करते.

यूईएफआयमध्ये एक पायरी जास्त आहे. एसएसडीवर ईएफआय विभाग आहे का, ते बघा. बरेचदा नसतो, कारण जुन्या डिस्कवरचाच वापरला गेला होता. मग जीपार्टेड या विभाग करण्याच्या प्रोग्राममध्ये थोडी जागा मोकळी करून ३०० ते ५०० एमबीचा फॅट३२ विभाग बनवा, त्याला 'ईएसपी' हा फ्लॅग लावा आणि सीएचरूटच्या आत बूट फोल्डरातल्या 'ईएफआय'वर माउंट करून ग्रब-इन्स्टॉल चालवा. विभाग आकसण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढून ठेवा. या लेखातलं हे एकच काम डेटाला हात लावणारं आहे. त्यानंतर एफस्टॅबमध्ये जुन्या ईएफआय विभागाची ओळख काढून नव्याची घाला. ही ओळ हमखास राहून जाते, आणि मग बूटलोडर दुरुस्त झाल्यावरही मशिन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. माणूस समजतो दुरुस्ती फसली.

'ईएफआयबूटएमजीआर' ने मदरबोर्डमधल्या नोंदी दिसतात, मेलेली नोंद तिथूनच काढता येते. काही मदरबोर्ड नव्या नोंदी टिकवत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्यावा. मग फाइल अशा ठरलेल्या जागी जाते, जिथे यूईएफआय नोंदीशिवायही बघतं.

हे सगळं उबुंटू, मिंट, डेबियनसाठी. फेडोरा या वेगळ्या लिनक्समध्ये यूईएफआय मशिनवर ग्रब हाताने बसवू नका. तिथे 'डीएनएफ रीइन्स्टॉल' करून ग्रब आणि शिमची (ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) पॅकेजं पुन्हा टाकायची असतात, नाहीतर सिक्युअर बूट (फक्त सही केलेले बूटलोडर चालू देणारी व्यवस्था) अडतं.

'एवढ्या खटपटीपेक्षा नव्याने टाकणं सोपं नाही का?'

कधीकधी हो. सिस्टिम कालच टाकलेली असेल, आत काही नसेल, तर खुशाल नव्याने टाका. पण ज्या मशिनवर युनिकोड टायपिंगची मांडणी, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमधले पासवर्ड असं सगळं बसलेलं आहे, तिथे नव्याने टाकणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम टाळून आठवडाभराचं ओढवून घेणं. आणि इन्स्टॉलरमध्ये 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय चुकीच्या डिस्कवर निवडला गेला, तर जे आतापर्यंत शाबूत होतं तेही जातं. डेटा खरा जातो तो बूटलोडर बिघडल्याने नाही, अशा घाईच्या दुरुस्तीने.

दुकानात मशिन द्यायचंच असेल, तर स्पष्ट सांगा: फॉरमॅट करायचं नाही, फक्त ग्रब पुन्हा बसवायचा आहे.

'जुनी डिस्क परत लावली तर?'

बायोस मशिनवर सगळं बहुतेक पूर्वीसारखं होतं, आणि घाई असेल तर हाच सर्वांत चांगला उपाय. डिस्क लावा, लिनक्स सुरू करा, आतूनच एसएसडीवर ग्रब बसवा, मग डिस्क काढा. यूईएफआयमध्येही बहुधा जमतं, पण काही मदरबोर्ड डिस्क दिसेनाशी झाली की तिची नोंद पुसून टाकतात आणि ती परत लावल्यावर नोंद परत येत नाही. तेव्हा बूट मेनूतून फाइल निवडावी लागते.

उलट झालं तर: लिनक्सची डिस्क काढली आणि विंडोज उठेना

बायोस मशिनवर विंडोजच्या डिस्कच्या एमबीआरमध्ये ग्रब बसलेला असतो आणि त्याचा मोठा तुकडा लिनक्सबरोबर निघून गेलेला असतो. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन 'बूटरेक' कमांडला 'फिक्सएमबीआर' पर्याय दिला की भागतं. यूईएफआयमध्ये बूट मेनूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडणं पुरतं.

दोन्ही डिस्क आहेत, पण अपडेटनंतर ग्रबच्या मेनूतून विंडोजचं नाव गायब झालंय, ही तक्रार मात्र वेगळी. ग्रब २.०६ पासून इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं आहे. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या 'ग्रब' फाइलीत 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' ही ओळ 'फॉल्स' करून अपडेट-ग्रब चालवा.

इथे मात्र हात आवरा

एलव्हीएम या सोयीने दोन डिस्कची जागा एकत्र केली असेल, किंवा रेड ० (फाइली दोन डिस्कवर वाटून ठेवणारी मांडणी) असेल, तर काढलेल्या डिस्कवर तुमच्या फाइलींचा भाग आहे. ग्रबच्या कमांडनी तो परत येणार नाही. डिस्क परत लावा, डेटा बाहेर काढा, मगच पुढचा विचार करा. रेड १ मध्ये डेटा दोन्ही डिस्कवर असतो, पण बूटलोडर अनेकदा एकीवरच बसवलेला असतो आणि नेमकी तीच बिघडते. ग्रब दोन्हीवर बसवून ठेवा.

बूट हा स्वतंत्र विभाग असेल आणि तोच काढलेल्या डिस्कवर असेल, तर ग्रबबरोबर कर्नलही सीएचरूटमधून पुन्हा टाकावा लागतो. सिस्टिम एन्क्रिप्ट केलेली असेल, तर त्याआधी पासवर्ड देऊन विभाग उघडावा लागतो.

डिस्क अजून काढलेली नसेल तर

'एलएसबीएलके' चालवा आणि बूट, बूटमधला ईएफआय आणि स्वॅप कोणत्या डिस्कवर आहेत ते बघा. तिन्हींपैकी काहीही जुन्या डिस्कवर असेल, तर ते आधी एसएसडीवर हलवा, एफस्टॅबमधली ओळ बदला आणि ग्रब एसएसडीवर बसवा. मग डिस्क लगेच बाहेर काढू नका. मशिन बंद करून फक्त तिची डेटा केबल सोडवा आणि दोन-तीनदा चालू-बंद करून बघा. सगळं सुरळीत असेल, तरी एक पूर्ण सिस्टिम अपडेट होऊन रीबूट होईपर्यंत ती डिस्क विकू नका, फॉरमॅटही करू नका.